वीज गेली की पोस्टग्रेसची जोडणी तुटते: पुन्हा पुन्हा येणाऱ्या अडचणीचे निवारण

पावसाळा सुरू झाला की कोकण किनाऱ्यावरील लहान कार्यालयांतून एकच तक्रार वारंवार ऐकू येते. रात्री लाइट गेली, पहाटे आली, सर्व्हर म्हणून ठेवलेला संगणक नीट सुरू झाला, पण इतर संगणकांवरून डेटाबेस उघडत नाही. मच्छीमार सोसायटी असो, काजूचा कारखाना असो किंवा आंब्याचे पॅकिंग करणारी वखार असो, मांडणी साधारण सारखीच असते: एका संगणकावर पोस्टग्रेस हा डेटाबेस सांभाळणारा कार्यक्रम बसवलेला, त्याला राउटरमधून जोडलेले तीन-चार संगणक, आणि त्यांवर आवक-जावक, बिले व येणे-देणे लिहिणारी माणसे. जोडणी तुटली की कोणीतरी जाणकार येतो, दोन-तीन ठिकाणी बदल करतो, काम सुरू होते, आणि पुढच्या वादळी रात्रीनंतर सगळे पुन्हा जागच्या जागी येते. पुन्हा पुन्हा येणाऱ्या अशा अडचणीच्या मुळाशी बहुतेक वेळा डेटाबेसचा बिघाड नसतोच; जी गोष्ट कायमची ठरवून ठेवायला हवी होती ती तशी ठरवलेली नसते आणि वीज गेल्यावर ती बदलते किंवा मूळ स्थितीला परत जाते. म्हणून पुढे प्रत्येक उपाय सुचवताना, वीज पुन्हा गेल्यावर तो टिकेल का, हा एकच प्रश्न समोर ठेवला आहे.

काहीही बदलण्यापूर्वी पडद्यावरचा संदेश शब्दशः वाचावा आणि शक्य असल्यास त्याचा फोटो काढून ठेवावा. ‘कनेक्ट होत नाही’ एवढ्या वर्णनावरून काहीच ठरवता येत नाही, कारण तुमची विनंती किती दूरपर्यंत पोहोचली हे त्या संदेशातच सांगितलेले असते. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ असे आले तर त्या पत्त्यावर कोणते तरी यंत्र चालू आहे, त्याने उत्तरही दिले आहे, पण त्या पोर्टवर, म्हणजे पोस्टग्रेससाठी ठरलेल्या क्रमांकाच्या दारावर, ऐकणारा कोणी नाही, असा अर्थ बहुधा निघतो. ‘टाइम्ड आउट’ आले तर उत्तरच आलेले नाही: पत्ता चुकला आहे, यंत्र बंद आहे, किंवा मधला फायरवॉल (जाळ्यावरून येणाऱ्या विनंत्या अडवणारा पहारेकरी) विनंती गुपचूप टाकून देत आहे. ‘नो पीजी एचबीए डॉट कॉन्फ एन्ट्री’ असा मजकूर असेल तर आनंदच मानावा, कारण तुम्ही थेट पोस्टग्रेसपर्यंत पोहोचला आहात आणि आता फक्त परवानगीचा प्रश्न उरला आहे. ‘पासवर्ड ऑथेंटिकेशन फेल्ड’ म्हणजे तीही पायरी ओलांडली गेली आहे. ‘डेटाबेस डझ नॉट एक्झिस्ट’ आले तर ओळख पटली आहे, केवळ नाव चुकले आहे. फायरवॉलची समस्या असताना पासवर्ड बदलत बसणे किंवा परवानगीची समस्या असताना राउटर बदलणे हे प्रकार घडतात ते हा फरक न पाहिल्यामुळे.

दुसरी तपासणी सर्व्हरच्या संगणकावर बसूनच करावी. तेथे पोस्टग्रेसला आज्ञा देण्याचा कार्यक्रम, म्हणजे पीएसक्यूएल किंवा पीजीअॅडमिन उघडून यजमानाच्या (होस्टच्या) जागी १२७.०.०.१, म्हणजे हाच संगणक, पोर्टच्या जागी ५४३२, आणि वापरकर्ता व डेटाबेस यांची नावे स्पष्टपणे द्यावीत. नावे गाळू नयेत, कारण डेटाबेसचे नाव दिले नाही तर पीएसक्यूएल वापरकर्त्याचेच नाव डेटाबेसचे नाव समजते आणि त्यातून भलताच संदेश येतो. येथे जोडणी झाली तर डेटाबेस सुखरूप आहे आणि दोष त्याच्या व इतर संगणकांच्या मध्ये कुठेतरी आहे. अशा वेळी पोस्टग्रेस काढून पुन्हा बसवण्याचा विचारही करू नये. घाईघाईने पुन्हा बसवताना जुन्या माहितीची फोल्डर पुसली गेली, तर वर्षभराच्या नोंदी त्या एका निर्णयात जातात, आणि मूळ अडचण होती तिथेच राहते.

सर्व्हरवरूनही जोडणी होत नसेल तर पोस्टग्रेसची सेवा, म्हणजे पडद्यामागे चालणारा त्याचा भाग, सुरू आहे का ते पाहावे. विंडोजमध्ये सर्व्हिसेसच्या यादीत पोस्टग्रेसची नोंद शोधून ती ‘ऑटोमॅटिक’ आहे याची खात्री करावी. ‘मॅन्युअल’ असेल तर संगणक दर वेळी सुरू झाल्यावर कोणीतरी ती हाताने सुरू करत होते, आणि तो माणूस रजेवर गेला की खोळंबा ठरलेला. सेवा सुरू होऊन लगेच बंद पडत असेल तर लॉगची, म्हणजे पोस्टग्रेस आपल्या घडामोडी लिहिते ती, फाइल उघडावी. अचानक वीज गेली असेल तर तिच्यात ‘डेटाबेस सिस्टिम वॉज नॉट प्रॉपर्ली शट डाउन’ आणि पाठोपाठ ‘ऑटोमॅटिक रिकव्हरी इन प्रोग्रेस’ असे लिहिलेले आढळेल. हे वाचून घाबरण्याचे कारण नाही. पोस्टग्रेस प्रत्येक बदल आधी आपल्या नोंदवहीत, म्हणजे वॉल नावाच्या फाइलींत, लिहून ठेवते आणि वीज आल्यावर त्या नोंदींवरून माहिती पुन्हा जुळवून घेते. हे काम चालू असताना जोडणीचा प्रयत्न केला तर ‘द डेटाबेस सिस्टिम इज स्टार्टिंग अप’ असे उत्तर येते. त्या वेळी थांबणे एवढेच करायचे असते; अधीर होऊन टास्क मॅनेजरमधून प्रक्रिया मारून टाकली की हीच जुळवाजुळव पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. वेग वाढवण्यासाठी कोणी ‘एफसिंक’ (नोंदी खरोखर डिस्कवर लिहिल्या गेल्याची खात्री करणारी सोय) बंद करून ठेवले असेल तर मात्र ही सुरक्षितताच नाहीशी होते, म्हणून ते पुन्हा चालू करावे.

कधी कधी लॉगमध्ये ‘लॉक फाइल पोस्टमास्टर डॉट पीआयडी ऑलरेडी एक्झिस्ट्स’ असा मजकूर असतो. या फाइलीत पूर्वी चालू असलेल्या प्रक्रियेचा क्रमांक लिहिलेला असतो, आणि ती प्रक्रिया आता नाही हे पोस्टग्रेस सहसा स्वतःच ओळखते. परंतु संगणक पुन्हा सुरू झाल्यावर तोच क्रमांक दुसऱ्या एखाद्या कार्यक्रमाला मिळाला असेल तर त्याची गफलत होऊ शकते. पोस्टग्रेसची एकही प्रक्रिया चालू नाही याची डोळ्यांनी खात्री करून घेतल्यावरच ती फाइल काढावी. एक प्रक्रिया चालू असताना ती काढून दुसरी सुरू करणे हा माहिती खराब करण्याचा खात्रीचा मार्ग आहे.

आता सर्वाधिक वेळा आढळणाऱ्या कारणाकडे येऊ, आणि ते डेटाबेसच्या बाहेरचे आहे. लहान कार्यालयात इन्व्हर्टर असतो, त्यावर सर्व्हरचा संगणक जोडलेला असतो, पण कोपऱ्यातला राउटर साध्या प्लगवर असतो. वीज गेली की राउटर बंद पडतो. वीज आल्यावर तो सुरू होतो आणि संगणकांना पत्ते वाटू लागतो. स्वस्त राउटरला आधी कोणाला कोणता पत्ता दिला होता हे आठवत नाही, आणि जो आधी मागेल त्याला तो मोकळा पत्ता देऊन टाकतो. काल १९२.१६८.१.५ असलेला सर्व्हर आज १९२.१६८.१.८ झालेला असतो, आणि इतर संगणकांवरील कार्यक्रम मात्र जुन्याच पत्त्यावर हाका मारत राहतात.

याचे एक उदाहरण तपशिलाने सांगण्यासारखे आहे. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळी मासेमारी बंदी साधारणपणे १ जून ते ३१ जुलै अशी असते. बंदराजवळच्या एका सोसायटीत त्या काळात लिलावाची नोंद नसल्याने सर्व्हर बंद करून ठेवला होता. ऑगस्टमध्ये बोटी समुद्रात जाऊ लागल्या, सर्व्हर सुरू केला, आणि काट्यावरच्या संगणकावर ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ असा संदेश आला. पिंग केले (यंत्र जागे आहे का हे विचारणारी आज्ञा दिली) तर त्या पत्त्यावरून व्यवस्थित उत्तर येत होते, त्यामुळे सर्व्हर पोहोचण्याजोगा आहे असे सर्वांनी गृहीत धरले आणि पोस्टग्रेसच्या फाइलींत शोध सुरू झाला. प्रत्यक्षात दोन महिन्यांच्या बंदीत सर्व्हरचा पत्ता मोकळा झाला होता आणि राउटरने तो कार्यालयातल्या वायफाय प्रिंटरला देऊन टाकला होता. पिंगला उत्तर देत होता तो प्रिंटर, आणि ५४३२ या पोर्टवर नकार देत होता तोही प्रिंटरच. ब्राउझरमध्ये तो पत्ता टाकताच प्रिंटरचे पान उघडले आणि उलगडा झाला. पिंगचे उत्तर आले म्हणजे योग्य यंत्राचे उत्तर आले असे नव्हे, एवढे यातून लक्षात ठेवावे. सर्व्हरवर जाऊन आयपी कॉन्फिग ही आज्ञा चालवावी, तिने दाखवलेला पत्ता आणि इतर संगणकांवरील कार्यक्रमात लिहिलेला पत्ता अंकान् अंक ताडून पाहावा, आणि मगच पुढे जावे.

यावर तात्पुरता उपाय म्हणजे प्रत्येक संगणकावर नवा पत्ता टाकणे, आणि हाच उपाय सर्वत्र केला जात असल्यामुळे अडचण दर पावसात परत येते. टिकणारा उपाय राउटरच्या पानावर करावा लागतो. तेथे ‘अॅड्रेस रिझर्व्हेशन’ नावाची सोय असते. सर्व्हरच्या नेटवर्क कार्डाचा मॅक क्रमांक (त्या कार्डाची ओळख) देऊन एक पत्ता त्याच्यासाठी राखून ठेवावा. ही सोय राउटरमध्ये नसेल तर सर्व्हरवरच स्थिर पत्ता द्यावा, पण तो राउटर ज्या टप्प्यातून पत्ते वाटतो त्याच्या बाहेरचा असावा. अन्यथा तोच पत्ता राउटर दुसऱ्या कोणाला देईल आणि दोन यंत्रांत झगडा सुरू होईल. यासोबत राउटरही इन्व्हर्टरवर घ्यावा. अनेक इन्व्हर्टरवर ‘यूपीएस’ आणि ‘ईको’ अशी दोन स्थाने असलेले बटण असते. संगणक जोडलेला असेल तर ते यूपीएसच्या बाजूला हवे, कारण दुसऱ्या स्थानावर वीज जाताना लागणारा क्षणभराचा अवकाशही संगणक बंद पाडायला पुरतो. डेटाबेसच्या लेखात बटणाची गोष्ट अवांतर वाटेल, परंतु आपल्याकडच्या पावसात सर्व्हरचे आयुष्य या बटणावर बऱ्याच अंशी अवलंबून असते.

राउटर नवा घेतला असेल तर आणखी एक बाब तपासावी. विंडोज नव्या जाळ्याला बहुधा ‘पब्लिक’ समजते, आणि पूर्वी कोणी ५४३२ पोर्टसाठी फायरवॉलमध्ये मुभा दिली असेल तर ती अनेकदा फक्त ‘प्रायव्हेट’ जाळ्यापुरती दिलेली असते. परिणामी सर्व्हरवर सर्व ठीक चालते आणि बाहेरून मात्र ‘टाइम्ड आउट’ येते. जाळ्याचा प्रकार ‘प्रायव्हेट’ करावा. फायरवॉल पूर्णपणे बंद करून ठेवणे हा उपाय नव्हे.

पत्ता बरोबर, फायरवॉल मोकळा, तरीही नकार येत असेल, तर पोस्टग्रेसच्या दोन फाइली पाहाव्यात. पहिलीत (पोस्टग्रेसक्यूएल डॉट कॉन्फ) ‘लिसन अॅड्रेसेस’ ही ओळ असते. तिचे मूळ मूल्य ‘लोकलहोस्ट’ असते, म्हणजे बाहेरच्या संगणकांचे काहीही ऐकू नये. तेथे सर्व्हरचा स्थिर पत्ता किंवा तारांकित चिन्ह द्यावे लागते, आणि हा बदल सेवा पुन्हा सुरू केल्याशिवाय लागू होत नाही. स्थिर पत्ता लिहिला असेल आणि सर्व्हरचा पत्ता बदलला असेल, तर त्या जुन्या पत्त्यावर ऐकता न आल्यामुळेही जोडणी अडते. दुसरी फाइल पीजी एचबीए; तिच्यात कोणत्या पत्त्यावरून, कोणत्या वापरकर्त्याला, कोणत्या डेटाबेससाठी आणि कोणत्या पद्धतीने आत घ्यायचे ते लिहिलेले असते. पोस्टग्रेस ती वरून खाली वाचते आणि जुळणारी पहिली ओळ अंतिम मानते; खाली दुसरी सोयीची ओळ असली तरी तिच्याकडे ते पाहत नाही. येथे प्रत्येक संगणकाचा सुटा पत्ता लिहून ठेवण्याची पद्धत बरीच दिसते, आणि राउटरने पत्ते बदलले की त्या ओळी निरुपयोगी होतात. त्याऐवजी १९२.१६८.१.०/२४ असा कार्यालयाच्या जाळ्याचा पूर्ण पट्टा लिहावा आणि पद्धत म्हणून स्क्रॅम (पासवर्ड सुरक्षितपणे पडताळणारी) द्यावी. ‘ट्रस्ट’ लिहिल्याने पासवर्डाविना सर्वांना प्रवेश मिळतो, जोडणी चटकन होते, आणि म्हणूनच तो शब्द तेथे राहून जातो. तो राहू देऊ नये. या फाइलीतील बदलाला सेवा पुन्हा सुरू करावी लागत नाही, नुसते रीलोड, म्हणजे फाइल पुन्हा वाचायला लावणे, पुरते.

बदल करूनही फरक पडत नसेल तर आपण भलतीच फाइल बदलत आहोत का ते पाहावे. एकाच संगणकावर पोस्टग्रेसच्या दोन आवृत्त्या असणे ही काही दुर्मीळ गोष्ट नाही, आणि अशा वेळी नव्या आवृत्तीने बहुधा ५४३३ हे पोर्ट घेतलेले असते. ‘शो एचबीए फाइल’ ही आज्ञा दिली की चालू सर्व्हर खरोखर कोणती फाइल वाचतो त्याचा पूर्ण मार्ग दिसतो. नोटपॅडने फाइल जतन करताना शेवटी गुपचूप ‘टीएक्सटी’ जोडले नाही ना, तेही पाहावे.

जोडणी झाल्यावर पहिली क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, कामाची नसावी, ओळख पटवण्याची असावी. करंट डेटाबेस, करंट यूजर, व्हर्जन आणि आयनेट सर्व्हर अॅड्र (सर्व्हरचा पत्ता) या चार गोष्टी एकाच सिलेक्टमध्ये मागाव्यात. उत्तरात डेटाबेसचे नाव ‘पोस्टग्रेस’ आले तर तुम्ही मूळच्या रिकाम्या डेटाबेसमध्ये आहात. मग तेथे ‘रिलेशन आवक डझ नॉट एक्झिस्ट’ असा संदेश येणे स्वाभाविकच आहे आणि टेबल कोणी पुसलेले नाही. नाव बरोबर असूनही टेबल सापडत नसेल तर ते दुसऱ्या स्कीमामध्ये (डेटाबेसमधील टेबलांच्या कप्प्यात) आहे का, किंवा तयार करताना नावात रोमन लिपीतील मोठी अक्षरे वापरून ते अवतरणचिन्हांत दिले होते का, ते पाहावे. अवतरणचिन्हांविना लिहिलेले नाव पोस्टग्रेस लहान अक्षरांत बदलून शोधते. पीएसक्यूएलमध्ये क्वेरी लिहून एंटर दाबल्यावर काहीच होत नसेल आणि ओळीच्या आरंभीचे चिन्ह बदललेले दिसत असेल, तर शेवटचा अर्धविराम राहिला आहे. मोठ्या टेबलावर पहिल्यांदा पाहताना ‘लिमिट १०’ जोडावे.

क्वेरी चालते पण ओळी शून्य येतात, ही तक्रार मराठीत माहिती भरणाऱ्यांकडे विशेष आढळते आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. सुरमई आणि बांगडा यांच्या नोंदी मिळतात, पण ‘कऱ्हाड’च्या व्यापाऱ्याच्या नावाने शोधले की काही सापडत नाही, आणि यादीत तर ते नाव समोर दिसत असते. कारण असे की युनिकोडमध्ये ‘ऱ’ दोन प्रकारे लिहिता येतो: एक स्वतंत्र अक्षर म्हणून, आणि दुसरा ‘र’ला नुक्ता जोडून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण पोस्टग्रेसच्या नेहमीच्या तुलनेत ते भिन्न ठरतात. एका संगणकावरील कळपाटाने एक रूप लिहिले आणि दुसऱ्याने दुसरे, की एकाच गावाची दोन गावे होतात आणि येणे-देणेही दोन खात्यांत विभागले जाते. पोस्टग्रेसच्या १३व्या आवृत्तीपासून ‘नॉर्मलाइझ’ नावाचे फलन आहे. त्याने दोन्ही रूपे एकाच रूपात येतात. माहितीची प्रत घेऊन जुन्या नोंदी एकदा त्यातून काढाव्यात आणि नवी नोंद भरतानाच ते लावावे. मराठी अक्षरांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे दिसत असतील तर ती गोष्ट वेगळी: बहुतेक वेळा विंडोजच्या काळ्या खिडकीला देवनागरी दाखवता येत नसते आणि माहिती सुरक्षित असते. तीच ओळ पीजीअॅडमिनमध्ये उघडून पाहावी आणि मगच निष्कर्ष काढावा.

आणखी एक दोष वीज गेल्यानंतर तासाभराने उघड होतो. सर्व्हर इन्व्हर्टरवर टिकून राहतो, इतर संगणक मात्र बंद पडतात, आणि त्यांच्या अर्धवट जोडण्या सर्व्हरच्या दृष्टीने जिवंतच असतात. कार्यप्रणालीचे मूळ मूल्य पाहता अशी मृत जोडणी ओळखण्यासाठीची पहिली विचारणाच दोन तासांनी होते. तोवर त्या जोडणीने अर्ध्यावर सोडलेल्या व्यवहाराचे कुलूप तसेच राहते, आणि वीज आल्यावर एखादे बिल जतन करायला गेले की पडदा नुसता थांबून राहतो. ‘पीजी स्टॅट अॅक्टिव्हिटी’ ही चालू जोडण्यांची यादी पाहिल्यास ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ अशी स्थिती दिसते; तिचा प्रक्रिया क्रमांक घेऊन ‘पीजी टर्मिनेट बॅकएंड’ने ती संपवता येते. कायमचा उपाय म्हणून ही विचारणा किती वेळाने करायची ते ठरवणारे ‘टीसीपी कीपअलाइव्ह्ज आयडल’चे मूल्य ६० सेकंदांसारखे लहान ठेवावे आणि अर्धवट व्यवहार आपोआप संपवणारा ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन सेशन टाइमआउट’ काही मिनिटांचा ठरवावा. ‘टू मेनी क्लायंट्स’ असा संदेश आला तरी जोडण्यांची मर्यादा वाढवू नये. मूळ मर्यादा १०० असते, आणि चार संगणकांच्या कार्यालयात ती भरत असेल तर कार्यक्रम उघडलेल्या जोडण्या बंद करत नाही असा त्याचा अर्थ आहे.

सर्व बदल झाल्यावर पावसाची वाट न पाहता चाचणी घ्यावी, आणि ती काम संपल्यावर, पीजी डम्प या आज्ञेने घेतलेली डेटाबेसची प्रत दुसऱ्या जागी ठेवून मगच घ्यावी. प्रथम केवळ राउटर बंद करून सुरू करावा आणि प्रत्येक संगणकावरून ओळख पटवणारी ती क्वेरी चालवावी. त्यानंतर सर्व्हर रीतसर बंद करून सुरू करावा आणि कोणीही लॉगइन न करता, म्हणजे सर्व्हरच्या पडद्याला हात न लावता, इतर संगणकांवरून जोडणी होते का ते पाहावे. शेवटी इतर संगणक आणि प्रिंटर आधी सुरू करून सर्व्हर सर्वांत नंतर सुरू करावा, कारण पत्त्यांची अदलाबदल होते ती याच क्रमात. तिन्ही वेळा सर्व्हरचा पत्ता तोच आला तर तो पत्ता, पोर्ट, डेटाबेसचे नाव आणि ‘शो एचबीए फाइल’ने दाखवलेला मार्ग एका कागदावर लिहून सर्व्हरच्या बाजूला चिकटवावा, पासवर्ड मात्र त्या कागदावर लिहू नये.